एक पाया, पाच गाड्या: चाकणचा कारखाना आणि आपलं दुकान



मागच्या व्हिडिओत बोलता बोलता मी एक वाक्य टाकलं होतं, "माल पाच प्रकारचा असू दे, पण पाया एकच ठेवा." त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, सर, पाया म्हणजे नक्की काय धरायचं? कच्चा माल, मशीन की रेसिपी? व्हिडिओत हे सगळं बसत नाही, म्हणून इथं सविस्तर लिहितोय. वही-पेन जवळ ठेवा, मध्ये थोडं गणित आहे.

उदाहरण मोटारीचं घेतोय. मसाल्याच्या दुकानदाराला मोटारीचं काय पडलंय, असं वाटेल. पण ही गोष्ट गाडीच्या धंद्यात जितकी स्पष्ट दिसते तितकी दुसरीकडे दिसत नाही, आणि कारखाना आपल्या महाराष्ट्रातलाच आहे. पुण्याच्या पुढे, नाशिक रस्त्यावर, चाकण. फोक्सवॅगनचा हा कारखाना मार्च २००९ मध्ये सुरू झाला. स्कोडा कुशक, फोक्सवॅगन टायगुन, स्कोडा स्लाविया, फोक्सवॅगन व्हर्टस आणि स्कोडा कायलॅक या पाच गाड्या तिथल्या. यातल्या तीन उंच. आपण त्यांना सरसकट एसयूव्ही म्हणतो, जाणकार क्रॉसओव्हर म्हणतील. बाकी दोन लांब डिकीच्या सेडान. दोन कंपन्यांची नावं, दोन वेगळी शोरूम, पाच वेगळी तोंडं. खालचा पाया मात्र एक. त्याचं नाव एमक्यूबी ए-झिरो आयएन. शेवटचं 'आयएन' म्हणजे इंडिया.

पाया म्हणजे काय, आणि काय नाही

प्लॅटफॉर्म म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर ट्रकची चासी येते. दोन लांब लोखंडी पट्ट्या, वर केबिन ठेवली की झालं. आजच्या मोटारीत तसं नसतं. प्लॅटफॉर्म म्हणजे गाडीचा तळ, इंजिन बसायची जागा, स्टिअरिंग आणि सस्पेन्शन जोडायच्या जागा, धडक झाली तर मार झेलणारा पुढचा भाग, आणि आतल्या वायरिंगची मांडणी. गिऱ्हाईक शोरूममध्ये यातलं काहीही बघत नाही. तो दार उघडतो, सीटवर बसतो, डॅशबोर्डवर हात फिरवतो, डिकी उघडून बघतो.

फोक्सवॅगनने एमक्यूबी ही पद्धत २०१२ मध्ये आणली. तिच्यातली एक गोष्ट मला फार आवडते. त्यांनी एक माप पक्कं केलं, ते म्हणजे पुढच्या चाकांच्या अक्षापासून ड्रायव्हरच्या पायाखालच्या पेडलपर्यंतचं अंतर. हे हलवायचं नाही. बाकी चाकांमधलं अंतर वाढवा, रुंदी वाढवा, मागचा भाग लांब करा, उंची बदला, सगळी मोकळीक. हेच माप का? तर त्या दोन-तीन फुटांत गाडीतलं सगळ्यात महाग आणि सगळ्यात किचकट काम असतं. इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग, कूलिंग, सगळं तिथंच दाटीवाटीनं बसवलेलं असतं. तिथं एक इंच हलवला की शंभर गोष्टी परत डिझाइन करायच्या. मागं डिकी फूटभर लांब करायला त्या मानाने फार कमी लागतं.

आता चाकणच्या गाड्यांचे आकडे बघा. कुशक, टायगुन, स्लाविया आणि व्हर्टस, चौघींच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २६५१ मिलिमीटर. एक मिलिमीटरचाही फरक नाही. पण बाजारात आली तेव्हा कुशकची लांबी ४२२५ मिलिमीटर होती, स्लावियाची ४५४१ आणि व्हर्टसची ४५६१. म्हणजे सेडान एक फुटाने लांब. हा फूट गेला कुठं? बहुतेक सगळा डिकीत. कुशकची डिकी ३८५ लिटर, स्लाविया आणि व्हर्टसची ५२१ लिटर. जमिनीपासूनची उंची कुशकची १८८ मिलिमीटर, स्लावियाची १७९. इंजिनं तीच दोन, एक लिटरचं आणि दीड लिटरचं, दोन्ही टर्बो पेट्रोल.

गिऱ्हाइकाला मात्र या दोन पूर्ण वेगळ्या गाड्या वाटतात, आणि त्याचं काही चुकत नाही. गावाकडच्या रस्त्याला उंच गाडी हवी असलेला माणूस वेगळा, आणि लग्नकार्याला चार बॅगा टाकून मुंबईला जाणारा वेगळा. दोघांना हवं ते मिळालं. कंपनीने महागडं काम एकदाच केलं.

तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर हे. तुमच्या मालातला जो भाग करायला सगळ्यात अवघड आणि महाग आहे, आणि जो गिऱ्हाईक थेट बघत नाही, तो पाया. दोन्ही अटी लागल्या पाहिजेत. नुसता महाग आहे म्हणून तो पाया होत नाही. लग्नाच्या शालूचा जरीकाठ महाग असतो, पण बाई तोच बघून शालू घेते. तो सगळ्या साड्यांना एकसारखा लावलात तर दुकानात एकच साडी दहा वेळा टांगल्यासारखं दिसेल.

आधी पैसे जातात, मग गाडी येते

बीबीएच्या पुस्तकात या प्रकाराला मोठमोठी नावं होती. परीक्षेत लिहिली, मार्क पडले. पण पुस्तकात एक गोष्ट ठळक करून सांगत नाहीत, ती म्हणजे पाया बांधताना हातात विकायला काहीच नसतं.

फोक्सवॅगन समूहाने 'इंडिया २.०' नावाने ही योजना २०१८ मध्ये जाहीर केली. एक अब्ज युरो, त्या वेळच्या हिशोबाने सुमारे ८ हजार कोटी रुपये. पुढाकार स्कोडाकडे दिला. आणि पहिली गाडी, कुशक, विक्रीला आली जून २०२१ मध्ये. तीन वर्षं फक्त खर्च. त्यातला मोठा भाग युरोपातला पाया भारताच्या किमतीत बसवण्यावर गेला. कंपनीने ९५ टक्क्यांपर्यंत देशी सुट्या भागांचं लक्ष्य ठेवलं, कारण भाग जर्मनीहून आणून गाडी जोडली तर तिची किंमत आपल्या बाजारात टिकत नाही. मापं तीच ठेवून भाग इथं बनवून घ्यायचे, म्हणजे पुरवठादार शोधायचे, नमुने पास करायचे, परत तपासायचे. आपल्याकडं शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत कुणी ओळखीचं असेल तर विचारा, एका कास्टिंगचा नमुना मोठ्या कंपनीकडून पास व्हायला किती फेऱ्या होतात ते.

दुसरी गोष्ट, पाच गाड्या एकदम आल्या नाहीत. जून २०२१ कुशक, सप्टेंबर २०२१ टायगुन, फेब्रुवारी २०२२ स्लाविया, जून २०२२ व्हर्टस. साधारण दर तीन-चार महिन्यांनी एक. मग जवळजवळ अडीच वर्षं थांबून नोव्हेंबर २०२४ मध्ये कायलॅक दाखवली आणि जानेवारी २०२५ पासून ती लोकांच्या दारात पोचायला लागली. एवढी मोठी कंपनी एकावेळी एक गाडी आणते, आणि आपल्याकडं पहिल्याच दिवाळीला चौदा प्रकार लावून बसलेले उद्योजक मी दरवर्षी बघतो.

गणित

आता वही उघडा. माझं शिवाजी पेठेत मसाल्याचं दुकान आहे, त्यामुळं उदाहरण मसाल्याचं. आकडे समजण्यासाठी सोपे घेतलेत, तुम्ही तुमचे घाला.

समजा धणे, तीळ, सुकं खोबरं आणि खडा मसाला भाजून-कुटून एक कोरडा पाया बसवायचा आहे. चाचण्या, फसलेले घाणे, भट्टीची सोय, प्रयोगशाळेतली तपासणी असा खर्च ४०,००० रुपये. या पायावर एक मसाला उभा करायला, म्हणजे मिरचीचं प्रमाण बसवणं, कांदा-लसूण कधी आणि किती ते ठरवणं, लेबल, यासाठी आणखी ८,०००. एक मसाला महिन्याला ६० किलो खपतो, म्हणजे वर्षाला ७२० किलो.

पाया-बिया काही न करता प्रत्येक मसाला स्वतंत्र बसवला, आणि प्रत्येकाला पूर्ण ४०,००० लागले, तर पहिल्या वर्षी किलोमागे साधारण ५५ रुपये ५६ पैसे हा खर्च पडतो. एक मसाला करा नाहीतर पाच करा, प्रत्येकाचा बोजा तेवढाच.

आता सामायिक पायाचं बघू. एकच मसाला विकला तर ४८,००० भागिले ७२०, म्हणजे ६६ रुपये ६७ पैसे. महाग पडला! दोन मसाले विकले तर ५६,००० भागिले १,४४०, म्हणजे ३८ रुपये ८९ पैसे. पाच विकले तर ८०,००० भागिले ३,६००, म्हणजे २२ रुपये २२ पैसे.

इथं थांबा आणि परत बघा. पाया बांधला आणि त्यावर एकच माल ठेवला तर तुम्ही शेजाऱ्यापेक्षा महागात आहात. फायदा दुसऱ्या मालापासून सुरू होतो. म्हणून ज्याला आयुष्यभर एकच पदार्थ विकायचाय, फक्त भडंग किंवा फक्त लोणी, त्याने या भानगडीत पडू नये. त्याने तो एक पदार्थ जितका चांगला करता येईल तितका करावा. कोल्हापुरात असे लोक पिढ्यान्‌पिढ्या नीट चाललेत.

खरी गडबड कुठं होते

वरच्या गणितात मी एक गोष्ट हळूच गृहीत धरली. दुसरा मसाला आला की विक्री ७२० वरून सरळ १,४४० किलो झाली. खरंच होते का?

समजा तुम्ही 'कांदा-लसूण मसाला' विकता आणि त्याच पायावर 'स्पेशल कांदा-लसूण मसाला' काढला. लेबल सोनेरी, मिरची थोडी जास्त. आता जुनाच गिऱ्हाईक येणार, दोन पाकिटं हातात घेणार आणि एक परत ठेवणार. दोन्ही मिळून विक्री झाली ९०० किलो. मग ५६,००० भागिले ९००, म्हणजे किलोमागे ६२ रुपये २२ पैसे. एकच मसाला पाया-बिया न करता विकला असता तर ५५ रुपये पडत होते. दोन प्रकार झाले, काम वाढलं, कपाट भरलं आणि खर्च वर गेला.

चाकणच्याच कारखान्याचा जुना अनुभव यात कामाला येतो. आधीच्या पायावर तिथं २०१० मध्ये फोक्सवॅगन व्हेंटो आली आणि २०११ मध्ये स्कोडा रॅपिड. नाक आणि शेपूट सोडलं तर दोघी जुळ्या बहिणी. बाजूनं उभं राहून बघितलं तर कुठली कुठली, हे नाव वाचूनच कळायचं. मारुतीची बलेनो आणि टोयोटाची ग्लान्झा हे त्याच जातीचं उदाहरण, २०१९ पासूनचं. नव्या पायावर मात्र स्लाविया आणि व्हर्टस शेजारी उभ्या करा. पुढचं तोंड वेगळं, दिवे वेगळे, आतला डॅशबोर्ड वेगळा. नातं आहे, पण चेहरा आपापला.

तरीसुद्धा कोण म्हणेल, कुशक आणि टायगुन एकमेकींचं गिऱ्हाईक खात असतीलच की. थोडंफार खात असतील. पण समूहाचा हिशोब वेगळा असतो. कुशक नाकारून माणूस रस्ता ओलांडून टायगुनच्या शोरूममध्ये गेला तरी चाकणचा पाया विकलाच गेला. दोन नावं, दोन शोरूम, दोन विक्रेते, त्यामुळं जाळं दुप्पट पसरलं. तुमच्याकडं हे नाही. तुमचं काउंटर एक, नाव एक, आणि काउंटरमागं तुम्ही एकटे. तिथं जुळी भावंडं ठेवलीत तर ती एकमेकांच्याच ताटातलं खाणार. मोठ्या कंपनीची नक्कल करताना ही जागा बघून पाय टाका. मला विचाराल तर छोट्या दुकानदाराचे सगळ्यात जास्त पैसे इथंच अडकतात.

मग वेगळं किती हवं? याचं माझं आवडतं उदाहरण फुटबॉलच्या जर्सीचं. सीझनला पेठेत जर्सी छापणारे असतात. कापड एक, माप एक, शिवण एक. रंग, नाव आणि नंबर तेवढा वेगळा. पण खंडोबा तालमीचा समर्थक पाटाकडीलची जर्सी फुकट दिली तरी अंगात घालेल का? छत्रपती शाहू स्टेडियममध्ये तर नाहीच नाही! पाया शंभर टक्के सारखा, आणि एका मालाने दुसऱ्याचं एकही गिऱ्हाईक खाल्लं नाही. पैशात बघितलं तर दोन जर्सींत फरक जवळजवळ शून्य. गिऱ्हाइकाच्या मनात फरक डोंगराएवढा. नवा प्रकार काढण्याआधी हा प्रश्न विचारा: माझ्या जुन्या मालाचा गिऱ्हाईक हा नवा माल त्याच्या जागी घेईल, की त्याच्यासोबत घेईल, की हा माणूसच दुसरा आहे? पहिलं उत्तर आलं तर तो प्रकार काढू नका.

पाया कापायचीही तयारी हवी

कायलॅकची गोष्ट थोडक्यात सांगतो. आपल्याकडं चार मीटरपेक्षा छोटी आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल इंजिनाची गाडी कमी करात बसते. २२ सप्टेंबर २०२५ पासून तिच्यावर १८ टक्के जीएसटी आहे, मोठ्या गाडीवर ४० टक्के. कुशक चार मीटरच्या वर. मग स्कोडाने त्याच पायावर चाकांमधलं अंतर २६५१ वरून २५६६ मिलिमीटर केलं, एकूण लांबी ३९९५ ठेवली आणि इंजिन फक्त एक लिटरचं. सुरुवातीची किंमत जाहीर केली ७ लाख ८९ हजार. पुढचा महागडा भाग हलवला नाही, मागचा कापला. ज्या माणसाला कुशक परवडत नव्हती तो आता शोरूममध्ये येतो. हा नवा माणूस आहे, कुशकचा जुना गिऱ्हाईक नव्हे. लांबी बरोबर ३९९५ का, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल.

आपल्याकडं ही चार मीटरची रेघ म्हणजे बहुतेक वेळा पाकिटाची किंमत. खोलीवर राहणारा विद्यार्थी अर्ध्या किलोचं पाकीट घेणारच नाही. त्याला ५० ग्रॅम द्या, मसाला तोच. फक्त हिशोब करताना पाकिटाचा खर्च विसरू नका, छोट्या पाकिटात तो मसाल्याच्या बरोबरीला येतो.

एक पाया बिघडला तर

आता दुसरी बाजू. २०२५ मध्ये मागच्या सीटबेल्टच्या बकलमध्ये दोष असू शकतो म्हणून कुशक, स्लाविया, कायलॅक, टायगुन आणि व्हर्टस या पाचही गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या गेल्या. दोन्ही कंपन्यांच्या मिळून ४७ हजारांवर. भाग सामायिक, म्हणून दोषही सामायिक. पाच गाड्या पाच वेगळ्या पायांवर असत्या तर कदाचित एकच बोलवावी लागली असती.

उलटी बाजूही तितकीच खरी. धडक झेलणारा सांगाडा एकदा नीट केला तर सगळ्यांना फायदा. ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत २०२२ मध्ये कुशक आणि टायगुनला पाच तारे मिळाले, २०२३ मध्ये स्लाविया आणि व्हर्टसलाही पाच.

पण मला त्या परत बोलावण्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. कंपनी म्हणाली, मे २०२४ ते एप्रिल २०२५ या काळात बनलेल्या गाड्या. म्हणजे २०२२ ची गाडी असलेल्या माणसाला फोन गेला नाही. त्यांना माहीत होतं कुठल्या दिवसांतला भाग कुठल्या गाडीत गेलाय. आता तुम्ही सांगा, तुमच्या पायातलं खोबरं खवट निघालं, आणि त्या पायापासून पाच मसाले होऊन दीडशे घरांत गेले. त्यातली कुठली पाकिटं, हे तुम्हाला सांगता येईल? येत नसेल तर तुम्हाला सगळीच परत घ्यावी लागतील, नाहीतर गप्प बसावं लागेल. गप्प बसलात तर पेठेत दोन दिवसांत सगळ्यांना कळतं.

माझ्याकडं पायाच्या प्रत्येक घाण्याला नंबर असतो. रजिस्टरला दोनच रकाने: घाण्याचा नंबर, आणि तो कुठल्या पाकिटांच्या लॉटमध्ये गेला. लेबलवर लॉट नंबर अन्नसुरक्षेच्या नियमानं टाकावाच लागतो, बहुतेक लोक तो नावाला टाकतात. त्याला घाण्याशी जोडा, म्हणजे तो कामाचा होतो. प्रत्येक घाण्यातला मूठभर नमुना बाटलीत ठेवा, पाकिटावरची मुदत संपेपर्यंत. आणि महिन्याचा पाया एका दिवसात करू नका. चार घाणे करा, खोबरं दोन ठिकाणचं घ्या. थोडं महाग पडतं, पडू दे.

पाया कुठं थांबवायचा

गेल्या बॅचमध्ये एक ताई होत्या. भाजणीचे पदार्थ घरून करायच्या, हाताला चव चांगली. नऊ पदार्थांची यादी आणि तीन लाखांच्या कर्जाचा अर्ज घेऊन आल्या. घरातलं सोनं गहाण न ठेवता मिळेल ते कर्ज हवं होतं, पण हप्ता भरायचा होता त्यांनाच. यादीत थालीपीठ भाजणी, चकली भाजणी, मेतकूट, उपवासाची भाजणी, नाचणी सत्त्व असं बरंच काही. प्रत्येक पदार्थाचा कच्चा माल, भाजणं, दळणं वेगळं धरून तीन लाख झाले होते.

आम्ही फळ्यावर सगळं मांडलं. हरभरा डाळ, उडीद डाळ आणि तांदूळ हे थालीपीठ, चकली आणि मेतकूट तिन्हींत येतात, प्रमाण वेगळं. म्हणजे पाया सापडला. मग ताई म्हणाल्या, तिन्हीचं एकत्र पीठ करून ठेवते. मी म्हटलं, थांबा. थालीपिठाची भाजणी थोडी रवाळ लागते आणि मेतकूट एकदम मऊ. चकलीचं प्रमाण जरा चुकलं तर ती तेलात विरघळते. पीठ करून ठेवलंत तर पुढं काहीच बदलता येणार नाही. पाया भाजलेल्या दाण्यापर्यंतच. प्रत्येक धान्य वेगळं भाजून डब्यात, गिरणीच्या अलीकडं थांबायचं. ऑर्डर आली की प्रमाण घालून दळायचं. वेगळेपणा जितका उशिरा घालाल तितका न खपलेला माल कमी उरतो, कारण भाजलेली हरभरा डाळ उद्या कशातही जाते, पण चकलीची भाजणी फक्त चकलीतच जाते.

उपवासाची भाजणी यादीतून काढली. साबुदाणा, वरी, राजगिरा. पाया वेगळा, भांडी वेगळी, गिरणीसुद्धा आधी स्वच्छ करून घ्यावी लागते, कारण उपवासाच्या पिठात धान्याचा कण गेला तर गिऱ्हाइकाचा उपवास मोडतो आणि तुमचं नाव जातं. नाचणी सत्त्व ही तर वेगळीच प्रक्रिया. नऊपैकी सुरुवातीला दोन पदार्थ राहिले, थालीपीठ भाजणी आणि मेतकूट. चकली दिवाळीच्या दोन महिने आधी. कर्जाचा आकडा ऐंशी हजारावर आला. बाकीचे दोन लाख वीस हजार त्यांना लागलेच नाहीत, म्हणजे त्याचा हप्ताही नाही.

आमच्या दुकानातही अशी एक रेघ आहे. कांदा-लसूण मसाला, तांबड्या रश्श्याचा मसाला, मिसळीच्या कटाचा मसाला आणि गरम मसाला एका कोरड्या पायावर चालतात. त्या पायात कांदा-लसूण घालत नाही, ते नंतर. सुरुवातीलाच घातलं तर ओलाव्यानं टिकाऊपणा कमी होतो, आणि जैन गिऱ्हाइकाला देण्यासारखं काही उरत नाही. पांढऱ्या रश्श्याचा मसाला मात्र या पायावर बसतच नाही. भाजलेल्या खोबऱ्याचा आणि धण्याचा रंग उतरला की रस्सा पांढरा राहत नाही, मटक्या रंगाचा होतो. कोल्हापुरात असा पांढरा रस्सा वाढून बघा, मग काय होतं ते. तो आम्ही वेगळ्या दिवशी, वेगळ्या कढईत करतो, थोडाच करतो आणि किंमत जास्त लावतो. फोक्सवॅगन-स्कोडाच्या मोठ्या गाड्यासुद्धा चाकणच्या या छोट्या पायावर बसवत नाहीत. कोडियाकला एमक्यूबीचंच मोठं रूप लागतं.

रविवारच्या बॅचला येणाऱ्यांनी एक पान भरून आणायचंय. डाव्या बाजूला तुमचे सगळे पदार्थ किंवा सेवा. टेलर असाल तर ब्लाउजचे प्रकार, ब्युटी पार्लर असेल तर पॅकेज, काहीही. प्रत्येकासमोर कामाच्या पायऱ्या क्रमानं लिहा. जिथपर्यंत पायऱ्या सारख्या जातात तिथं लाल रेघ मारा. मग त्या रेघेच्या डावीकडं किती रुपये लागतात आणि उजवीकडं किती, ते लिहा. ज्या दोन पदार्थांचं गिऱ्हाईक एकच आहे त्यांना गोल करा. गोलातला कुठला ठेवायचा आणि कुठला बंद करायचा, ते आपण वर्गात मागच्या तीन महिन्यांची बिलं समोर ठेवून ठरवू. बिलबुक आणायला विसरू नका.